अफगाण बायकांचं भरतकाम आणि मुलांची शाळा : आपण दिलेला रुपया पोचतो कुठे?

गेल्या आठवड्यात बडोद्याहून एका वाचक ताईंचा फोन आला. त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. भरतकाम केलेले उशांचे अभ्रे आणि ओढण्यांचे फोटो, खाली दोन ओळी : अफगाणिस्तानातल्या महिलांनी हातानं केलेलं काम, तुमच्या खरेदीतून त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च निघतो. एका ओढणीची किंमत चार हजार रुपये.

ताईंचे प्रश्न तीन. एक, हे खरं असतं का? दोन, ओढणीला चार हजार म्हणजे जरा जास्तच नाही का? आणि तीन, तिथं मुलींच्या शाळा तर बंद आहेत म्हणतात, मग ही फी भरतात कसली?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्या मेसेजमागे कोण आहे हे ताईंनाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्या विक्रेत्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. पण अशा प्रकारचा व्यापार खरोखर चालतो आणि वीस वर्षांहून जास्त काळ चालत आलाय. त्यात पैसा कुठून कुठे जातो, मध्ये कुठे अडतो आणि शाळेपर्यंत कितपत पोचतो, एवढं समजून घेतलं तर पुढचा मेसेज आला की आपला आपल्याला निर्णय घेता येईल.

विकतात ते काम कोणतं?

अफगाणिस्तानात भरतकामाचा एकच प्रकार नाही. प्रदेशागणिक आणि समाजागणिक तो बदलतो. उत्तरेकडच्या उझबेक बायका सुझनी करतात, म्हणजे मोठ्या कापडावर रेशमी धाग्यानं भरलेली फुलं आणि चक्रं. ‘सुझन’ म्हणजे फारसीत सुई. भटक्या कूची लोकांच्या कपड्यांवर आरसे, मणी आणि भडक रंग असतात. हजारा बायकांचं काम भौमितिक नमुन्यांचं. तुर्कमेन घरांतून गालिचे विणले जातात.

या सगळ्यांत नाजूक काम कंदाहारचं. त्याला ‘खामक’ म्हणतात. रेशमी धाग्यानं भरलेल्या बारीक चौकटी, त्रिकोण, चांदण्या. पुरुषांच्या सदऱ्याच्या छातीवर, शालीवर, लग्नाच्या कपड्यांवर हे काम असतं. नवरीनं नवरदेवाचा सदरा स्वतः भरायचा, अशी तिथली जुनी रीत. खामकमध्ये नमुना आधी कापडावर रेखून किंवा छापून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे डोळ्यांनी मोजायचे आणि त्या मोजणीवर टाका घालायचा. एक धागा चुकला की पुढची सगळी ओळ वाकडी.

आपल्या सीमाभागातल्या वाचकांना हे समजायला फार लांब जायला नको. धारवाडची कसुती आठवा. इरकल साडीवर गोपुर, पालखी, तुळशीवृंदावन काढतात तेसुद्धा असंच, रेखाटन न करता धागे मोजून, आणि गाठ न मारता. कसुती करणारी एखादी आजी ओळखीची असेल तर तिला विचारा, एका पदराला किती दिवस लागतात. तिचं उत्तर ऐकलं की चार हजारांबद्दलचा प्रश्न जरा वेगळा वाटायला लागतो.

आणखी एक नातं भाषेचं आहे. आपण ‘कशिदा’ म्हणतो, ‘जरदोजी’ म्हणतो, ‘गालिचा’ म्हणतो, ‘रुमाल’ म्हणतो. हे सगळे शब्द फारसीतून आपल्याकडे आलेत, आणि अफगाणिस्तानात बोलली जाणारी दरी हे फारसीचंच एक रूप. भरतकामाला तिथं ‘गुलदोझी’ म्हणतात, म्हणजे फुलं शिवणं.

सुईवरून शाळेकडे : कंदाहारचं उदाहरण

भरतकाम विकून कुटुंब चालवायची कल्पना तिथं नवीन नाही. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा शिरल्यापासून त्या देशात लढाई थांबून थांबून चालूच राहिली. लाखो घरांतला कमावता पुरुष गेला, जखमी झाला किंवा परदेशात अडकला. बाईला बाहेर जाऊन काम करायची मोकळीक नाही, पण घरात सुई आहे. मग सुईच कामाला आली. अडचण एवढीच होती की कापड बाजारात पोचवायचं ते नात्यातल्या पुरुषाच्या किंवा व्यापाऱ्याच्या हातून, आणि भाव ठरवायचा तोच.

इथं काही संस्थांनी हात घातला. सर्वांत बोलकं उदाहरण रंगीना हमीदी यांचं. जन्म कंदाहारचा. लहानपणी युद्धामुळं कुटुंबाबरोबर आधी पाकिस्तानात आणि मग अमेरिकेत गेल्या. शिक्षण तिकडंच झालं. २००३ मध्ये त्या कंदाहारला परतल्या आणि खामक करणाऱ्या बायकांना एकत्र आणायला लागल्या. बायका बाहेर पडू शकत नाहीत ना, मग कापड आणि धागा घरी पोचवायचा, झालेलं काम घरून आणायचं, आणि मजुरी थेट तिच्या हातात द्यायची. आधी एका संस्थेचा उपक्रम म्हणून चाललेलं हे काम २००८ मध्ये ‘कंदाहार ट्रेझर’ या नावानं स्वतंत्र व्यवसाय झालं.

हे सगळं शांततेत झालं असं नाही. त्यांचे वडील गुलाम हैदर हमीदी कंदाहारचे महापौर होते. जुलै २०११ मध्ये आत्मघातकी हल्ल्यात त्यांचा खून झाला. मुलीनं काम सोडलं नाही. पुढं त्या काबूलमध्ये एका शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या, आणि २०२० मध्ये देशाच्या कार्यवाहक शिक्षणमंत्री. ज्या बाईनं बायकांचे टाके मोजून मजुरी दिली, तिच्याकडेच देशातल्या सगळ्या शाळा आल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये शिरलं आणि त्यांना देश सोडावा लागला.

दुसरं उदाहरण जरा वेगळ्या धाटणीचं. काबूलच्या उत्तरेला लघमानी नावाचं गाव आहे. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमधल्या एका अफगाण-जर्मन संस्थेनं २००४ मध्ये तिथं ‘गुलदुसी’ नावाचा उपक्रम सुरू केला. पास्काल गोल्डेनबर्ग या वस्त्रकलाकार बाईंची ती कल्पना. गावातल्या बायकांनी अख्खी चादर भरायची नाही, तळहाताएवढे छोटे चौकोन भरायचे. ते युरोपात विकायचे. तिकडच्या हौशी बायका ते चौकोन विकत घेऊन आपल्या गोधडीत, पिशवीत, पडद्यात बसवतात.

हिशेबाच्या नजरेनं बघितलं तर ही युक्ती फार शहाणपणाची आहे. छोटा तुकडा लवकर पुरा होतो, म्हणजे मजुरी लवकर मिळते. एखादा बिघडला तर नुकसान छोटं. पाठवायला हलका. आणि तयार कपड्याचं माप, फॅशन, शिलाई हा सगळा धोका गावातल्या बाईच्या डोक्यावर राहत नाही.

२०२१ नंतर काय बदललं?

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे, त्यामुळं तारखा नीट बघू.

सप्टेंबर २०२१ मध्ये मुलांच्या माध्यमिक शाळा उघडल्या, मुलींच्या नाही. २३ मार्च २०२२ ला मुलींच्या उघडणार असं जाहीर झालं होतं. मुली दप्तर घेऊन वर्गात जाऊन बसल्या आणि त्याच दिवशी सकाळी त्यांना घरी पाठवण्यात आलं. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारं बंद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षण देणाऱ्या संस्थाही मुलींना बंद झाल्या. आज मुलींना सहावीपर्यंत शाळा आहे, त्यापुढं नाही. युनेस्कोनं ऑगस्ट २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यानुसार किमान १४ लाख मुली या बंदीमुळं माध्यमिक शिक्षणाला मुकल्या होत्या.

दुसरा आकडा कमी चर्चेत येतो, पण आपल्या विषयाला तो जास्त लागू आहे. प्राथमिक शाळेत मुलगे आणि मुली दोघांनाही परवानगी आहे. तरी युनेस्कोच्याच माहितीप्रमाणं २०१९ मध्ये प्राथमिक शाळांत ६८ लाख मुलं होती, ती २०२२ मध्ये ५७ लाखांवर आली. म्हणजे ११ लाखांनी घट. याला शिक्षकांची टंचाई जेवढी कारण तेवढीच गरिबी. महिला शिक्षकांना मुलग्यांना शिकवायला मनाई झाली, त्यामुळं वर्गावर शिक्षकच नाही अशी स्थिती आली. आणि घरात चूल पेटत नसेल तर दहा वर्षांचा पोरगा बाजारात हमाली करतो, रस्त्यावर प्लॅस्टिक वेचतो.

म्हणून ‘शाळेचा खर्च’ म्हणजे फक्त फी नव्हे. सरकारी शाळेत फी नसते. पण वह्या, गणवेश, बूट, थंडीचा कोट, जायचं-यायचं भाडं हे असतंच. आणि सगळ्यांत मोठा खर्च कुठल्याच पावतीवर दिसत नाही : पोरगा शाळेत गेला की त्या दिवशीची त्याची कमाई बुडते. आईच्या सुईतून तेवढे पैसे घरात आले, तर पोराला शाळेत पाठवायला परवडतं. आमच्या कॉमर्सच्या पुस्तकात याला संधी-खर्च म्हणायचे. परीक्षेपुरता पाठ केलेला शब्द, त्याचा अर्थ असा समोर येईल असं वाटलं नव्हतं.

सहावीपुढच्या मुलींचं काय? काहींचे वर्ग कुणाच्या तरी घरात गुपचूप भरतात. काही मोबाईलवरून शिकतात, त्याला इंटरनेटचं रिचार्ज लागतं. तोही भरवशाचा मार्ग नाही. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस तिथं देशभराचं इंटरनेट सुमारे दोन दिवस बंद केलं गेलं. शिकणाऱ्या मुलींचा वर्ग आणि भरतकामाची ऑर्डर घेणाऱ्या बायकांचा फोन, दोन्ही एकदमच बंद पडले.

आणि एक गोष्ट अवघड आहे, पण सांगायलाच हवी. शाळा बंद झाल्यावर घरी बसलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी काय करते? आईशेजारी बसून सुई हातात घेते. आपण कौतुकानं विकत घेतो त्या कापडातले काही टाके अशा मुलीचे असू शकतात, जी आज नववीत असायला हवी होती. तिच्या कमाईतून धाकट्या भावाच्या वह्या येतात. भावाची शाळा त्यामुळं टिकते हे खरं, पण तिची शाळा त्यामुळं उघडत नाही. विक्रेत्याचा मेसेज हे सांगत नाही, कारण ते फोटोखालच्या दोन ओळींत मावत नाही.

माल येतो कसा, पैसा जातो कसा?

आधी माल. गावातून काम गोळा करायला, दर्जा तपासायला, नवा नमुना समजावून सांगायला बायकाच लागतात, कारण परका पुरुष त्या घरात जाऊ शकत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नियम आला की ७२ किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात बाईबरोबर जवळच्या नात्यातला पुरुष हवा. डिसेंबर २०२२ मध्ये स्वयंसेवी संस्थांत बायकांनी काम करायला मनाई झाली. म्हणजे घर आणि बाजार यांना जोडणारा नेमका मधला दुवा तुटला. जिथं काम चालू आहे तिथं ते घरगुती व्यवसाय म्हणून, ओळखीपाळखीवर, कुटुंबातल्या पुरुषाला पुढं करून चालतं.

गालिच्यांची कथा वेगळी. अफगाण गालिचा बऱ्याचदा धुलाई-कातरणीसाठी पाकिस्तानात जायचा आणि तिथलाच शिक्का लागून पुढं विकला जायचा. विणणारीचं नाव सोडा, देशाचं नावही उरायचं नाही. काबूल-दिल्ली हवाई मालवाहतूक २०१७ मध्ये सुरू झाली ती पाकिस्तानातला रस्ता टाळून माल थेट भारतात यावा म्हणून. पण विमानाचं भाडं सुकामेवा, केशर यांना परवडतं. कापडाच्या छोट्या गठ्ठ्यांना ते जड जातं.

आता पैसा. तालिबान आल्यावर अफगाण मध्यवर्ती बँकेची सुमारे ७ अब्ज डॉलरची गंगाजळी अमेरिकेत गोठवली गेली. परदेशी बँका अफगाण बँकांशी व्यवहार करायला कचरायला लागल्या. पुढं अमेरिकेनं मदतीच्या आणि व्यापाराच्या व्यवहारांना परवानग्या दिल्या, पण बँकांची भीती पूर्ण गेली नाही. त्यामुळं बराचसा पैसा अजूनही सराफांमार्फत जातो. ‘सराफ’ हा शब्द त्यांच्याकडे पण हाच. काबूलमध्ये सराय शहजादा नावाचा सराफांचा मोठा बाजार आहे. एका देशात पैसे भरायचे, दुसऱ्या देशात त्या सराफाचा माणूस ते चुकते करतो. तिथं हा धंदा परवान्यावर उघडपणे चालतो.

आपल्याकडे मात्र हवाला बेकायदा आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. भावनेच्या भरात कुणी ‘या माणसाकडे रोख द्या, तिकडे पोचतील’ म्हणालं तर तो मार्ग धरू नका. मदतीला गेलात आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलात असं व्हायला नको.

चार हजारांचा हिशेब

आता ताईंचा दुसरा प्रश्न : एवढी किंमत का? इथं एक उदाहरण मांडतो. आकडे माझे, समजण्यापुरते घेतलेले. प्रत्येक मालाला ते बदलतील, पण सांगाडा हाच राहील.

समजा एका ओढणीचं भरतकाम ६० तासांचं आहे आणि ती ४,००० रुपयांना विकली जाते.

कापड आणि रेशीम : ५०० रुपये.
वाहतूक, कुरिअर, जकात : ७०० रुपये.
विकणाऱ्याचं भाडं, कर, न खपलेला माल : १,३०० रुपये.
काम गोळा करणं, तपासणं, हिशेब ठेवणं : ३०० रुपये.
बेरीज २,८०० रुपये. उरले १,२०० रुपये, ती बाईची मजुरी. तासाला २० रुपये.

आता आपण दुकानात करतो तशी घासाघीस करू. ‘तीन हजारांत द्या, लगेच घेते.’ विक्रेत्यानं दिली. एक हजार कमी झाले ते कुणाचे? रेशीमवाला कमी घेणार नाही. कुरिअरवाला कमी घेणार नाही. जकात तेवढीच, दुकानाचं भाडं तेवढंच. विक्रेत्यानं स्वतःच्या वाट्यातून सोसलं तर ठीक, पण पुढच्या वेळी तो मजुरीचाच दर पाडतो, कारण या साखळीत नाही म्हणायची ताकद सगळ्यांत कमी तिचीच. मग १,२०० चे राहिले २००. ६० तासांचे २०० रुपये, तासाला सव्वातीन रुपयांच्या आसपास. आपण किंमत पाव हिश्श्यानं कमी केली आणि तिची मजुरी सहा हिश्श्यांतून पाच हिश्श्यांनी गेली.

परवडत नसेल तर घेऊ नये, त्यात काहीच वावगं नाही. चार हजार ही मध्यमवर्गीय घरात छोटी रक्कम नव्हे. छोटा रुमाल घ्यावा, चौकोन घ्यावा. पण हातकामाची घासाघीस आणि भाजीची घासाघीस एक नाही, एवढंच या हिशेबातून दिसतं.

मजुरी किती, आणि मजुरी कधी

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आम्ही वडगावात राहायचो, हातमागाच्या आणि साड्यांच्या वस्तीत. आई एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावून द्यायची. हातानं, नगावर. माझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर ती हिशेब लिहायची : तारीख, साड्या किती, पैसे आले का. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची फी त्या पैशातून भरायची ठरली होती. मे महिन्यात लग्नसराईचं काम तिनं रात्री जागून संपवलं. जूनमध्ये पैसे मागायला गेली तर दुकानदार म्हणाला, ‘वहिनी, सीझनचा पैसा अजून अडकलाय, गणपतीत बघू.’ शेजारच्या काकूंनी आपली भिशी लवकर उचलली आणि आईला उसने दिले, म्हणून शेवटच्या दिवशी फी भरली गेली.

दुकानदारानं पैसे बुडवले नाहीत. गणपतीत खरोखर दिले. पण फीची तारीख जूनची होती.

अफगाण बाईच्या बाबतीतही विचारायची गोष्ट हीच. बऱ्याच ठिकाणी माल ‘जाकड’ घेतला जातो. म्हणजे खपला तर पैसे, नाही खपला तर माल परत. आपल्या बाजारातही ही पद्धत जुनी आहे. पण काबूलहून आलेली ओढणी परत जाणार कशी? आणि खपायला आठ महिने लागले तर? शाळेचं वर्ष तिच्यासाठी थांबत नाही. म्हणून चांगल्या उपक्रमाची खूण मी एकच मानतो : काम हातात घेतलं की मजुरी हातात दिली. खपायचा धोका विकणाऱ्यानं घेतला. कंदाहार काय किंवा लघमानी काय, असे उपक्रम टिकले ते बायकांचा यावर विश्वास बसला म्हणून.

भारतात राहणाऱ्या अफगाण बायका

पुण्यातल्या वाचकांना अफगाण विद्यार्थी नवे नाहीत. शिष्यवृत्तीवर ते वर्षानुवर्षं तिथं शिकायला येत राहिले. दिल्लीत मात्र अख्खी कुटुंबं आहेत. लाजपतनगर, भोगल, खिडकी एक्स्टेन्शन भागात निर्वासित म्हणून राहतात. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळं त्यांना रीतसर नोकरी मिळणं कठीण. घरभाडं दिल्लीचं, आणि मुलांना शिकायचं ते परक्या भाषेत.

त्यांच्यासाठीही सुईच कामाला आली. ‘सिलाईवाली’ हा दिल्लीतला उपक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. कपड्यांच्या कारखान्यांतून उरलेल्या चिंध्यांपासून अफगाण निर्वासित बायका तिथं बाहुल्या आणि शोभेच्या वस्तू करतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा ‘मेड-५१’ नावाचा उपक्रम आहे, तो अशा निर्वासितांच्या हातकामाला जगाच्या बाजारात गिऱ्हाईक मिळवून देतो. सिलाईवाली त्याच्याशी जोडलेली आहे.

आपल्यासारख्या खरेदीदारासाठी हा मार्ग सगळ्यांत सोपा. रुपयात व्यवहार, बिल मिळतं, सीमा ओलांडायची नाही. आणि या घरांतली मुलगी सातवीत, आठवीत, दहावीत जाऊ शकते. तिला अडवणारा कायदा इथं नाही. अडवतो तो खर्च, आणि तो मजुरीनं भागू शकतो.

घेण्याआधी काय विचाराल?

एक : बाईला मजुरी किती आणि कधी मिळते? नीट काम करणारा विक्रेता उत्तर देतो. ‘सगळा नफा शिक्षणाला’ हे उत्तर पुरेसं नाही. नफा शेवटी उरतो, मजुरी आधी द्यायची असते.

दोन : शिक्षणासाठी म्हणजे नेमकं कशासाठी? मजुरी आईच्या हातात देऊन तिच्यावर सोडतात, की संस्था वेगळे पैसे काढून वर्ग चालवते? दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, पण त्या एक नाहीत. सांगणाऱ्याला फरक ठाऊक हवा.

तीन : काम कुठल्या भागातलं, कोणत्या प्रकारचं? खामक म्हणून यंत्रावरचं भरतकाम खपवणारेही असतात. मागची बाजू उलटून बघा. यंत्राच्या कामात मागं बॉबिनच्या दोऱ्याची एकसारखी रांग दिसते, टाके शिस्तीत एकाच मापाचे असतात.

चार : बिल मिळेल का? पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यावर मागितले जात असतील तर थांबा.

पाच : फोटो कसले लावलेत? तिथल्या बाईचा चेहरा, गावाचं नाव, गुपचूप भरणाऱ्या वर्गाची माहिती जो उघड टाकतो, त्याला एक तर धोका कळत नाही किंवा त्याला त्याचं काही वाटत नाही. नाव-पत्ता मागून पुरावा मागू नका. तिची ओळख लपलेली असणं हीच तिची सुरक्षितता.

मग घ्यावी की नाही?

ताईंना मी फोनवर एवढंच सांगितलं. ओढणी विकत घेतल्यानं कंदाहारमधली मुलींची शाळा उघडणार नाही. ती बंदी पैशाअभावी आलेली नाही, तेव्हा पैशानं ती उठणारही नाही. पण घरात पैसा आणणाऱ्या बाईला घरात थोडं बोलता येतं. पोराला हमालीला पाठवायचं की शाळेत, धाकटीला सहावीपर्यंत तरी जाऊ द्यायचं की नाही, थोरलीसाठी रिचार्ज मारायचं की नाही, या बोलण्यात तिचा शब्द लागतो. आमच्या घरात कॉलेजचा विषय निघाला की आईचं ऐकलं जायचं, ते त्या वहीच्या मागच्या पानांमुळं.

ताईंनी आधी विक्रेत्याला वरचे प्रश्न पाठवले. परवा त्यांचा पुन्हा फोन आला. पहिल्या प्रश्नालाच तिकडून उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी ती ओढणी घेतली नाही. आता भिशीतल्या आठ जणी मिळून दिल्लीतल्या निर्वासित बायकांकडून बाहुल्या मागवणार आहेत, नातवंडांसाठी. पैसे बिलावर देणार, आणि भाव करणार नाही असं आपसात ठरवलंय म्हणे.